आर्वो पार्टच्या संगीतात ‘काहीच घडत नाही’, तरी उठवत का नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा: “मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवते. मोबाइलवर आर्वो पार्ट या संगीतकाराचं ‘कान्तुस’ ऐकलं. सहा-सात मिनिटं तेच ते उतरते सूर आणि मधून एक घंटा. काहीच घडत नाही, तरी जागचं उठवेना. हे रचतात कसं? आपल्या धुनीसारखं, नामजपासारखंच हे आहे का? ख्रिस्ती धार्मिक संगीत असेल तर शाळेत ऐकवावं का? आणि आमच्या मुलांना यातलं काही करून बघता येईल का?”

ताई, ‘काहीच घडत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, पण त्या सहा-सात मिनिटांत एक क्षणही मोकळा नाही. पहिल्या टोल्यापासून एक कडक हिशेब चालू असतो, आणि तो इतका साधा आहे की मनाला कळायच्या आधी कानाला कळतो. कानाला पुढचं पाऊल आधीच माहीत असतं, ते पडेपर्यंत तो थांबून राहतो. उठवत नाही ते त्यामुळं. ‘ध्यानाचं संगीत’, ‘झोपेचं संगीत’ अशा नावांखाली पार्टच्या रचना सगळीकडे फिरतात, त्यामुळं लोकांना वाटतं की सूर कमी ठेवले, लय संथ केली की झालं काम. मी आधी मुंबईत वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवलं आणि आता वर्धा जिल्ह्यात गावी राहून शिकवतो. या संगीतातली शांतता शिस्तीतून आणि सुरांच्या घर्षणातून येते, असं माझं मत आहे. यातली एक गोष्ट जरी काढली तरी हॉटेलाच्या बैठकीत लावतात तसलं काहीतरी उरेल.

तुम्ही पेटी वाजवता, म्हणून हिशेब पेटीवरच बघू. पांढरी सहाला सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरा. गंधार, धैवत, निषाद कोमल झाले, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर मिळाले. पाश्चात्त्य लोक याला ए मायनर म्हणतात. आता तार षड्जापासून उतरा, पण असं: सा. सा नि. सा नि ध. सा नि ध प. दर वेळी वरून सुरुवात आणि दर वेळी एक सूर जास्त. पहिल्या वर्षाच्या पोरांना आपण घोटायला देतो तसला हा पलटा. कान्तुसची चाल म्हणजे एवढंच. दुसरी चाल नाही, अंतरा नाही, मुखडा नाही. फक्त सूर सारख्या लांबीचे नाहीत, एक लांब आणि एक आखूड असे डुलत उतरतात.

हा एकच पलटा पाच थरांत वाजतो. पहिली व्हायोलिनं मूळ लयीत, दुसरी व्हायोलिनं निम्म्या लयीत आणि एक सप्तक खाली, व्हायोलिनहून थोडी मोठी व्हायोला त्याच्याही निम्म्यात, तिच्याहून मोठा चेलो आणखी निम्म्यात, आणि सगळ्यांत खाली डबल बास, सोळापट संथ. आपल्याकडं दुगुन, चौगुन, आठगुन एकामागून एक करून दाखवतात. इथं त्या सगळ्या लयी एकाच वेळी चालू असतात, आणि दिशा उलटी, ठायकडं जाणारी. बास आपला एक सूर ओढत असतो तेवढ्यात वरच्या व्हायोलिनांचे सूर भराभर ओघळून जातात. जो थर आपल्या मुक्कामाच्या सुरावर पोचतो तो तिथंच थांबतो, सूर धरून ठेवतो आणि खालचे यायची वाट बघतो. आवाज सुरुवातीला जेमतेम ऐकू येतो आणि शेवटी अख्खा तंतुवृंद जीव खाऊन वाजवत असतो. सगळं खाली उतरतंय आणि आवाज वाढत चाललाय, ही विचित्र ओढ तुम्हाला जाणवली असणार.

पण नुसता पलटा पाच लयींत लावला तर गणिताचा खेळ होईल. पार्टची खरी युक्ती पुढं आहे. प्रत्येक चालणाऱ्या सुराला तो एक सोबती देतो आणि त्या सोबत्याला तीनच सूर वापरायची मुभा असते: सा, कोमल ग आणि प. अशी कल्पना करा की रात्री जागलीला माणूस वावरातून फिरतोय आणि वावरात तीनच ठिकाणी दिवे आहेत. तो जिथं जाईल तिथून जवळचा दिवा तेवढा पेटतो. चालणारा माणूस म्हणजे चाल, दिवे म्हणजे ते तीन सूर. या पद्धतीला पार्टनं ‘टिंटिनाब्युली’ म्हटलं, लॅटिनमध्ये लहान घंटांसाठी असलेल्या शब्दावरून.

हे पेटीवर करून बघितल्याशिवाय कळणार नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांनी वाजवा. वरचं बोट पलट्यावर उतरेल, खालचं बोट तीन सुरांपैकी लगेच खालच्या सुरावर राहील. सा वाजला की सोबत प. कोमल निषादाखालीही प. कोमल धैवत आला की त्याच्या अगदी लगत प, अर्ध्या स्वराचं अंतर, आणि कानाला टोचतं. मग पंचमाखाली ग, गोड. मध्यमाखाली ग, पुन्हा थोडं खरखरीत. गंधाराखाली सा, परत गोड. ऋषभाखाली सा, पुन्हा घर्षण. म्हणजे एका सप्तकात तीन जागा अशा की जिथं दोन सूर एकमेकांवर घासतात, आणि प्रत्येक वेळी पुढच्याच पावलाला ते सुटतं. रचनाकारानं तिथं मुद्दाम दुःख आणलेलं नाही, नियमानंच ते आलं. आता हे पाच लयींत एकाच वेळी चाललंय असं मनात आणा. एका थराची गाठ सुटते तोवर दुसऱ्याची पडलेली असते. कान्तुसमध्ये व्हायोला तेवढी सोबत्याशिवाय एकटी चालते.

पार्ट स्वतः चालणाऱ्या सुराला माणसाच्या भटकंतीशी, चुकांशी, वेदनेशी जोडतो आणि सोबतीच्या सुराला क्षमेशी. त्याची पत्नी नोरा हिनं ते एका सूत्रात मांडलं: एक अधिक एक बरोबर एक. मला ही आध्यात्मिक भाषा पटते, पण ती पेटीवर ते धैवत-पंचम दाबून बघितल्यानंतर पटते. नुसती वाचली तर कीर्तनातल्या टाळ्यांच्या वाक्यासारखी वाटते.

आता घंटा. ती एकच आहे आणि तिचा सूर आपला सा. सुरुवातीला ती एकटी वाजते, मग तारवाद्यं येतात. शेवटी सगळे थर आपापल्या मुक्कामी पोचून मायनरचा सूरमेळ पूर्ण ताकदीनं धरून असतात, तेव्हा घंटेचा एक टोला असा दिला जातो की तो ऐकू येत नाही, तारांच्या आवाजाखाली बुडतो. मग सगळे गज एकदम थांबतात आणि घंटेची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, तेवढी मागं राहते. त्या आसेत चांगल्या ध्वनिमुद्रणात शुद्ध गंधार ऐकू येतो. अख्खी रचना कोमल गंधारावर चालली, कुणीही वादकानं शुद्ध गंधाराला हात लावला नाही, आणि शेवटी तो धातूच्या पोटातून निघतो. तंबोरा नीट जुळला की खरजाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार निघतो, त्याचीच ही गोष्ट. जुन्या गवयांना हे सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच मला वाटतं की युरोपातल्या बऱ्याच श्रोत्यांपेक्षा तंबोऱ्याजवळ बसलेला माणूस कान्तुसचा शेवट जास्त नीट ऐकेल.

माणूस कोण, हेही थोडं सांगतो. आर्वो पार्ट ११ सप्टेंबर १९३५ रोजी एस्टोनियातल्या पाइडे गावी जन्मला आणि राकवेरे या लहान शहरात वाढला. एस्टोनिया तेव्हा लवकरच सोव्हिएत संघात ओढला गेला. राजधानी टॅलिनला हाइनो एलर यांच्याकडं तो रचना शिकला आणि शिकता शिकता रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करत होता. आवाजाचा शेवटचा कण विरेपर्यंत ऐकायची सवय त्या नोकरीनं लावली असावी, असा माझा अंदाज. तरुणपणी तो आजच्या पार्टच्या अगदी उलट लिहायचा. १९६० च्या ‘नेक्रोलॉग’मध्ये त्यानं बारा स्वरांची आधुनिक पद्धत वापरली आणि सरकारी संगीतवर्तुळाची बोलणी खाल्ली. १९६८ मध्ये ‘क्रेडो’ आलं. पियानो, गायकवृंद आणि मोठा वाद्यवृंद, जुन्या जर्मन संगीतकार बाखची चाल, तिच्यावर प्रचंड गोंगाट, आणि उघडपणे येशू ख्रिस्तावरच्या श्रद्धेचं वाक्य. निरीश्वरवादी राजवटीत हे चालणं शक्य नव्हतं. रचनेवर अघोषित बंदीच आली.

त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं तो फारसं बोलला नाही, म्हणजे संगीतातून. १९७१ ची तिसरी सिंफनी आणि पोटासाठी चित्रपटांचं संगीत, एवढं सोडलं तर वह्या भरत होता. ग्रेगोरियन पठण म्हणजे चर्चमधलं जुनं एकसुरी पठण, मध्ययुगीन आणि त्यानंतरची बहुस्वरी गायकी यांचा अभ्यास. एखादं स्तोत्र वाचायचं आणि लगेच कागदावर एकच एक स्वररेषा ओढायची, सोबतीला काही नाही. याच काळात त्यानं ख्रिस्ती धर्मातल्या ऑर्थोडॉक्स पंथाचा स्वीकार केला. १९७६ मध्ये ‘फ्युअर अलीना’ ही पियानोची छोटीशी रचना आली, अगदी थोड्या सुरांची, आणि तिथून नळ फुटल्यासारखं झालं. १९७७ या एका वर्षात फ्रात्रेस, ताबुला रासा आणि कान्तुस. कान्तुस हे इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या आठवणीसाठी आहे. ब्रिटन ४ डिसेंबर १९७६ ला गेले. पार्टला त्यांच्या संगीताची खरी ओळख नुकतीच होत होती आणि भेटायचं राहून गेलं.

१९८० मध्ये कुटुंबासह त्याला देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. १९८४ मध्ये ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीच्या मान्फ्रेड आयशर यांनी ताबुला रासा नावाची तबकडी काढली आणि जगाला हा माणूस कळला. पुढं तो एस्टोनियात परतला. टॅलिनजवळ लाउलास्मा इथं पाइनच्या जंगलात २०१८ मध्ये त्याच्या हस्तलिखितांचं केंद्र उघडलं.

ताबुला रासाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन व्हायोलिनं, तारवाद्यं आणि तारांमध्ये स्क्रू वगैरे अडकवून आवाज बदललेला पियानो. पहिल्यांदा वादकांच्या हातात कागद पडले तेव्हा त्यांनी विचारलं होतं की यात संगीत कुठं आहे. आमच्या मंडळातल्या एका म्हाताऱ्या वीणेकऱ्याला मी कान्तुस ऐकवलं तर चार मिनिटांनी ते म्हणाले, “हे तं चालूच राह्यते बाप्पा, गानं कधी सुरू व्हते?” टॅलिनचे निष्णात वादक आणि आमचे बुवा एकाच ठिकाणी अडकले. ताबुला रासाचा दुसरा भाग डबल बासवर संपतो. सूर एकेक पायरी उतरत सा कडं निघतात. म, ग, रे, आणि सा येत नाही. लिहिलेली आहे ती फक्त शांतता. तो सा प्रत्येक श्रोता मनात वाजवतो. मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. तिथं त्या गर्दीत जो उभा राहिलाय, त्याला कळेल की आधीच्या आवाजामुळं शांततेला आकार कसा येतो.

मग हे आपल्या धुनीसारखंच आहे का? इथं मला थोडं अडवायचं आहे, कारण ‘सगळं एकच आहे हो’ हे फार लवकर म्हटलं जातं. गाडगेबाबांची ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’ ही धून घ्या. म्हणणारा आणि ऐकणारा वेगळा नाही. लय चढते, हात वर जातात, किती वेळ चालायचं ते त्या रात्रीवर ठरतं. शब्द आहेत आणि ते सगळ्यांचे आहेत. कान्तुसमध्ये यातलं काहीच नाही. कुणालाही एक सूर इकडं-तिकडं करायची परवानगी नाही, गमक नाही, मींड नाही, उपज नाही. ऐकणारा गप्प बसून ऐकतो. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. आपला तंबोरा आधार देतो, चाल त्याच्यावर मोकळी फिरते. पार्टचा सोबती सूर मात्र चालीच्या प्रत्येक पावलाला बांधलेला आहे, तो तिच्याबरोबर हलतो. फ्रात्रेसमध्ये मात्र आपल्याला ओळखीचा आधार सापडतो: खाली सा-प सतत चालू आणि वर कडवी फिरतात, दर दोन कडव्यांच्या मधे तालवाद्याचे ठोके. तिथं कुणी तंबोरा आठवला म्हणाला तर मी वाद घालणार नाही.

भारताशी खरा, कागदावरचा संबंध शोधायचा तर तो अमेरिकेतल्या मिनिमलिस्ट, म्हणजे थोडेच सूर पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या, लोकांकडं सापडतो. फिलिप ग्लास यांनी साठच्या दशकात पॅरिसमध्ये रविशंकरांबरोबर काम केलं. टेरी रायली आणि ला मॉन्ट यंग हे किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. ग्लास यांचा ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा १९८० मध्ये रॉटरडॅमला झाला. गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांवर, आणि गायलेले शब्द सगळे गीतेतले, संस्कृतात. सेवाग्रामपासून सायकलच्या अंतरावर राहणाऱ्या आम्हा लोकांपैकी फारच थोड्यांना त्याचं नाव माहीत आहे, ही आमचीच गंमत. पार्ट त्या वाटेनं आलेला नाही. त्याचं मूळ चर्चमधल्या एकसुरी पठणात आहे. पोलंडचे हेन्रिक गुरेत्स्की आणि इंग्लंडचे जॉन टॅव्हनर यांच्यासोबत त्याला एका खोक्यात घालून ‘पवित्र मिनिमलिझम’ असं लेबल लावतात. ते लेबल दुकानदाराच्या सोयीचं. गुरेत्स्कींची १९७६ ची तिसरी सिंफनी जरूर ऐका, मुलं गमावलेल्या आयांचे शब्द त्यात आहेत आणि पहिला भाग डबल बासपासून थर चढवत जातो. पण ते उघड्या छातीनं रडतात. पार्ट तसा रडत नाही.

शाळेत ऐकवावं का, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. कान्तुसला शब्द नाहीत, एका माणसाच्या जाण्याचं दुःख आहे. ते निःशंक ऐकवा. पण ‘हे तसं धार्मिक नाही, वैश्विक आहे’ असं मुलांना सांगू नका. पार्टची श्रद्धा ही त्याच्या संगीताला वरून लावलेला रंग नाही. त्याच्या कित्येक रचनांत शब्दच सुरांचा हिशेब ठरवतात: शब्दाला अक्षरं किती, जोर कुठं, विरामचिन्ह कोणतं, त्यावरून सुरांची संख्या आणि विराम ठरतात. ‘सिलुआन्स साँग’ ही १९९१ ची रचना फक्त तारवाद्यांची आहे, कुणीही गात नाही, तरी सिलुआन नावाच्या साधूचे रशियन शब्द तिच्यात अक्षर न अक्षर बसवलेले आहेत. वाद्यं ते शब्द म्हणतात आणि पूर्णविरामाला थांबतात. आपल्याकडं क्लॅरिओनेटवाला अभंग वाजवतो तेव्हा लोक मनात शब्द म्हणतात, तसंच, फक्त इथं श्रोत्याला शब्द माहीत नसतात. मुलांना सरळ सांगा की हा माणूस ख्रिस्ती आहे, त्याच्या देशात देवाचं नाव घेणं महागात पडायचं, आणि तरी त्यानं घेतलं. ज्या गावात सामुदायिक प्रार्थनेची सवय आहे तिथं एवढ्यानं कुणी बिचकणार नाही.

वाजवायला हे सोपं आहे असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातात व्हायोलिन द्या. जलद तानेत एखादा सूर पाव आणा चढला तर कुणाला कळत नाही. इथं प्रत्येक सूर उघडा पडलेला असतो. गज अगदी हळू ओढायचा, आवाज जेमतेम, आणि केसांची थरथर ऐकू येता कामा नये. गज उलटतानाचा जोड दिसता कामा नये. कंप जवळजवळ नाहीच, कारण कंप दिला की चाल आणि सोबती यांच्यातलं घर्षण पुसलं जातं आणि सगळं गुळचट होतं. कान्तुसच्या काही ध्वनिमुद्रणांत नेमकं हेच झालंय. रसरशीत, भावपूर्ण वाजवलंय आणि रचना मेलीय. १९८४ च्या ईसीएमच्या तबकडीवर डेनिस रसेल डेव्हिस यांनी स्टुटगार्टच्या वादकांकडून वाजवून घेतलेलं कान्तुस शोधा. त्याच तबकडीवर गिडोन क्रेमर (व्हायोलिन) आणि कीथ जॅरेट (पियानो) यांनी वाजवलेलं फ्रात्रेस आहे. त्याची सुरुवात ऐका, म्हणजे ‘पार्ट म्हणजे फक्त संथ’ हा समज जाईल. व्हायोलिन एकटं चारही तारांवर झपाट्यानं धावतं.

ऐकण्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. मोबाइलच्या स्पीकरवर कान्तुस ऐकून उपयोग नाही. बासचे सूर इतके खाली जातात की तो चिमुकला स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, म्हणजे सगळ्यांत संथ थर, ज्याच्यावर बाकीचे उभे आहेत, तोच गायब. साधा तारेचा हेडफोन चालेल. आणि एप्रिल-मे मध्ये कूलर चालू ठेवून ऐकू नका; खसच्या ताट्यांमागची ती घरघर पहिली दोन मिनिटं गिळून टाकते. हिवाळ्यात, गावातली लग्नं नसतील त्या रात्री ऐका. सुरुवात ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, शेवटी कान फुटेल.

क्रम विचारलात तर आधी ‘श्पीगेल इम श्पीगेल’ घ्या, १९७८ चं. पियानोचे तीन-तीन सूर सतत चालू आणि व्हायोलिनची वाक्यं सगळी गंधारावर येऊन टेकतात. बिलावल थाटात लिहून देतो: रे ग. म ग. सा रे ग. प म ग. नि सा रे ग. ध प म ग. एक वाक्य खालून, दुसरं त्याचं आरशातलं प्रतिबिंब वरून, दर जोडीला एक सूर जास्त. पुढचं वाक्य तुम्ही स्वतःच काढाल. मग कान्तुस, फ्रात्रेस, ताबुला रासा. नंतर २००० सालचं ‘ओरिएंट अँड ऑक्सिडेंट’, ज्यात तारवाद्यं मींडेसारखी सरकतात आणि आपल्या कानाला ओळखीची वाटतात. मोठ्या वाद्यवृंदाचं हवं असेल तर ‘लामेंटाते’. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचं ‘मार्सियस’ हे लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात तेव्हा मांडलेलं महाकाय लाल शिल्प बघून पार्टनं ते लिहिलं. चौथी सिंफनी मला स्वतःला थोडी लांबलेली वाटते, पण तुम्ही माझं ऐकू नका.

मुलांकडून काय करून घेता येईल? तीन गट करा. पलटा तोच, तार सा पासून मध्य सा पर्यंत, एकापासून आठ सुरांपर्यंत वाढत जाणारा, सगळे सूर सारख्या लांबीचे ठेवा, शब्द नको, नुसता आकार. असे एकूण ३६ सूर होतात. पहिला गट प्रत्येक सूर एक सेकंद धरेल, दुसरा दोन, तिसरा चार. सगळे एकदम सुरू. पहिला गट ३६ सेकंदांत मध्य सा वर पोचेल, दुसरा ७२ मध्ये, तिसरा १४४ मध्ये. जो पोचला त्यानं सा धरून ठेवायचा, सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, शेजाऱ्याचा श्वास झाला की आपला. पहिल्या गटाला जवळजवळ दोन मिनिटं एकाच सुरावर थांबायचंय. शाळेतली वळवळणारी पोरं त्याच गटात घालावीत असं मी म्हणणार नाही, पण मी तेच करतो. आठवीची, आवाज फुटलेली मुलं असतील तर त्यांना तिसरा गट द्या, खालच्या सप्तकात. तुम्ही पेटीवर तिसऱ्या गटाची सोबत करा, सा, ग, प एवढ्यांतच. चार सेकंद हातात असल्यानं विचार करायला वेळ मिळतो. हाताचे ठेके, खंजिरी, टाळ काही नको. मुलं हमखास लय वाढवतील, विशेषतः दुसरा गट, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघणारा एक मोजणीस नेमा.

घंटा हवीच. बऱ्याच शाळांत रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असतो; तो वाजतो छान, पण त्याची आस तोकडी. देवळातली पितळी घंटा मिळाली तर बघा. मात्र तिचा सूर पांढरी सहाच निघेल असं धरून चालू नका. मोबाइलवर ट्यूनरचं फुकट ॲप मिळतं, घंटा वाजवून पहिला दणका जाऊ द्या आणि मागं राहणारा सूर मोजा. सा तिथं लावा आणि पलटा त्या पट्टीत बसवा, काळ्या पट्ट्या लागल्या तरी चालेल. घंटेचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडला, जे बरेचदा होतं, तर त्या दिवशी पेटी बंद ठेवा, घंटेवरून सा उचलून मुलांना नुसतं गायला लावा, आणि सोबतीचे तीन सूर तुम्ही स्वतः गा.